पाय जिथे थांबतात

जबलपूरजवळ भेडाघाटला, नर्मदेच्या पंचवटी घाटावरून नाव सुटली की थोड्याच वेळात एक गोष्ट कळते: आता आपल्याला पुढं-मागं सरकता येणार नाही. नावाडी वल्ही मारतोय, यमकं जुळवलेली त्याची हिंदी माहिती अखंड चालू आहे, दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे वर चढत चाललेत आणि आपण फळीवर गच्च बसलेले. उभं राहायचं नाही, अशी ताकीद आधीच मिळालेली असते. अशा वेळी कॅमेऱ्याला जी लेन्स लावली असेल, तिच्यात मावेल तेवढंच आपलं.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी कोणकोणत्या लेन्स घ्याव्यात असं जबलपुरात मला कुणी विचारलं, की मी त्यांना आधी ह्या नावेत बसायला सांगते. उत्तर तिथे आहे. पण ते उलगडायचं तर हा कॅमेरा जग कसं दाखवतो, तिथून सुरुवात करावी लागेल.

रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच पाहतो. लेन्स बदलली की डोळ्यापुढचं दृश्य बदलतं. रेंजफाइंडरमध्ये लेन्स आपल्या जागी आणि आपण वरच्या खिडकीत. खिडकीच्या मधोमध एक उजळ ठिपका, त्यात प्रतिमा दुहेरी दिसते. लेन्सची कडी फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा एकमेकींवर सरकतात आणि एक झाल्या की फोकस झाला. लेन्स कुठलीही लावा, खिडकीतलं जग तेवढंच राहतं. बदलते ती पांढऱ्या रेषांची चौकट. ३५ मिलिमीटरची लेन्स लावली तर चौकट खिडकीच्या कडांना टेकते, ९० ची लावली तर मधोमध पोस्टकार्डासारखी आक्रसते. चौकटीबाहेरचंही दिसत राहतं: अजून आत न शिरलेली, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पायऱ्या उतरत येणारं पोर. ह्या कॅमेऱ्याचं सगळं सुख मला ह्यातच वाटतं. फोटोत काय येणार आणि काय बाहेर राहणार, दोन्ही एकाच नजरेत.

म्हणजे इथे लेन्स निवडताना आपण चौकट निवडतो. आणि चौकटीचा हिशेब सोपा आहे, मीटर सोडून हातांत केला तरी चालतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरची प्रतिमा ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ उंच असते. त्यामुळे ३५ च्या लेन्समध्ये जितकं अंतर, जवळजवळ तितकीच रुंदी मावते. समोरचा माणूस चार हातांवर असेल तर चार हात रुंद जागा चौकटीत येते. ५० च्या लेन्समध्ये त्याच्या पाऊणपटीला जरा कमी, म्हणजे तीन हातांच्या आत. ९० मध्ये दहाला चार ह्या प्रमाणात, म्हणजे दीड हाताच्या आसपास: खांदे आणि चेहरा. हे तीन आकडे तोंडपाठ झाले की कॅमेरा डोळ्याला न लावताही चौकट दिसू लागते.

माझं हे पाठांतर एकाच लेन्सवर झालं. काकांचा यशिका इलेक्ट्रो ३५ माझ्याकडे आला होता. त्याला ४५ मिलिमीटरची, एफ १.७ ची लेन्स कायमची जडवलेली. बदलायचा प्रश्नच नव्हता. हवं ते चौकटीत येत नसेल तर मागे जायचं, फार लहान दिसत असेल तर पुढे. काही वर्षांनी असं झालं की शहरातल्या फुहाऱ्याच्या गर्दीत किंवा गोलबाजारात मी आपोआप त्या अंतरावर जाऊन उभी राहत असे, जिथून ४५ ची चौकट बरोबर भरते. पहिली लेन्स एकच असावी आणि ती मधली असावी, हे मी तेव्हापासून मनापासून मानते. छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात हिंडले ते लायका घेऊन, आणि आयुष्यभरात त्यांचं बहुतेक काम ५० च्या लेन्सवरच झालं. त्यांच्या पायांना चौकट ठाऊक होती.

मग दुसरी लेन्स लागतेच कशाला? पाय थांबतात म्हणून.

नावेत पाण्यामुळे थांबतात. तिथे दोन गोष्टी समोर असतात आणि दोन्ही आपापल्या अंतरावर खिळलेल्या. नावाडी चार हातांवर. ५० च्या चौकटीत त्याचं अंग येतं, पण वल्ही कापली जातात. ३५ मध्ये त्याचे पसरलेले हात, वल्ह्यांच्या मुठी आणि मागे कड्याचा पांढरा पट्टा हे सगळं एकत्र बसतं. दुसरी गोष्ट म्हणजे समोरचा कडा. कॅमेरा उभा धरला तर ३५ मध्ये अंतराइतकीच उंची मावते, आणि कडे तर तीस मीटरच्या घरातले. बंदरकूदनीजवळ पात्र इतकं चिंचोळं होतं की वानरं इकडून तिकडे उडी मारायची अशी आख्यायिका आहे. तेवढं मागे जाणार कसं? कॅमेरा वर उचलला तर कडे आतल्या बाजूला कलल्यासारखे दिसतात. मी कड्याचा माथा धरायचा हट्ट सोडला आणि पुढच्या वळणावरचा लांबचा तुकडा ९० मध्ये घ्यायला लागले: पाण्यालगतची करडी रेघ, तिच्यावर पिवळट, मग शुभ्र. पन्नास मीटरवरचा वीस मीटर रुंद दगड. एवढ्या अंतरावर फोकस जवळपास अनंतावरच असतो, त्यामुळे ९० ची फोकसची नेहमीची कटकटही उरत नाही. नाव हलते म्हणून शटर मात्र २५० च्या खाली नेत नाही.

चौसष्ट योगिनीच्या देवळात पाय थांबवते ती भिंत. तिथलं आवार गोल आहे, मध्ये गौरीशंकराचं देऊळ. अंगणात हवं तितकं मागे जाता येतं, तिथे ५० पुरते. पण ओवरीत शिरलं की एकेका भंगलेल्या मूर्तीसमोर दोन पावलांची जागा. तिथे ३५ शिवाय गत नाही.

जबलपुरातल्या ग्वारीघाटावर गोष्ट वेगळी. संध्याकाळी आरतीच्या वेळी, द्रोणात दिवा ठेवून तो पाण्यात सोडणाऱ्या बाईजवळ मला जाता येईल. पायऱ्या मोकळ्या असतात, कुणी अडवत नाही. पण ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत असते. तिथे पाय थांबले पाहिजेत. आठ-दहा हातांवरून ९० ची चौकट तिला पुरेशी जवळ आणते आणि तिचं जे तिचं आहे ते तिच्यापाशी राहू देते. मला विचाराल तर लांब लेन्स विकत घेण्याचं सगळ्यांत चांगलं कारण हेच. तंत्राच्या दृष्टीनं मात्र इथेच ती सर्वांत अवघड. उजेड गेलेला, लेन्सचं भोक एफ २.८ ला उघडं. माणूस दोन मीटरवर असेल तर ९० मध्ये जेमतेम आठ सेंटिमीटर खोली नीट येते, आणि ३५ मध्ये त्याच भोकाला अर्धा मीटर. दहा हातांवर गेलं तर थोडी सवड मिळते, हा त्या अंतराचा आणखी एक फायदा.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. बहुतेक रेंजफाइंडर लेन्स सत्तर सेंटिमीटर ते एक मीटरच्या अलीकडे फोकसच करत नाहीत. फुलाची पाकळी टिपायची असेल तर हा कॅमेरा नको. ९० च्या पलीकडे १३५ निघते, पण तिची चौकट इतकी इवलीशी की मला तिच्यात चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही. शिवाय पाहायची खिडकी आणि फोकससाठीची दुसरी छोटी खिडकी ह्यांमधलं अंतर जितकं कमी आणि दृश्य जितकं लहान, तितका फोकस ढोबळ. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये दृश्य जवळजवळ खऱ्या आकाराचं दिसतं, म्हणून ती ५०, ९० आणि १३५ साठी उत्तम. पण ३५ ची चौकटच तिच्यात नाही, त्यासाठी निघालेल्या लेन्सला पुढे चक्क चष्मा बसवलेला असे. तीनेक वर्षांनी आलेल्या एम २ नं दृश्य थोडं लहान केलं आणि ३५, ५०, ९० अशा तीन चौकटी दिल्या. म्हणजे संच काय असावा ते पुष्कळदा कॅमेऱ्यानंच ठरवलेलं असतं. आधी लेन्स आणि मग कॅमेरा असा उलटा प्रवास करणाऱ्यांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आकड्यांत बघायचं तर २८, ५०, ९० हा संच फार देखणा आहे: प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.८ पट. ३५ आणि ५० मध्ये तेवढं अंतर नाही. तो फरक मोकळ्या जागेत दोन-तीन पावलांत भरून निघतो. पण मी चष्मा लावते आणि २८ ची चौकट, ती असलेल्या कॅमेऱ्यांतही, मला कडेपर्यंत दिसत नाही. जी चौकट नीट दिसत नाही ती लेन्स मी घेणार नाही. म्हणून बाहेर पडताना माझ्या पिशवीत ३५ आणि ९० असतात, आणि फक्त माणसांत जायचं असेल त्या दिवशी एकटी ५०.

लेन्स लहान असावी, ह्यावर मी फार भर देते. मोठ्या भोकाची जाडजूड लेन्स खिडकीचा खालचा उजवा कोपरा झाकून टाकते. नेमका तिथूनच कुणीतरी चौकटीत येत असतं. दुसरं, ह्या कॅमेऱ्यात आरसा नाही. उन्हात कॅमेरा वर तोंड करून मांडीवर पडला तर लेन्स भिंगासारखं काम करून शटरच्या कापडी पडद्याला भोक पाडू शकते, आणि लेन्सचं भोक जितकं मोठं तितका धोका अधिक. म्हणून टोपण लावून ठेवायचं. पण खिडकीतून पाहताना टोपण दिसत नाही. धुआंधार धबधब्याच्या तुषारांपासून जपायला लावलेलं टोपण तसंच ठेवून मी एकदा अकरा फोटो काढले. तो उजेड परत मिळाला नाही. आता फोटोआधी बोटानं काच चाचपायची सवय लावून घेतली आहे.

जबलपूरचेच चित्रकार अमृतलाल वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेच्या काठानं चालायला लागले. वाटेत ते रेखाटनं करत. चित्रकार बसायची जागा पायांनी शोधतो आणि नको ते कागदावर घेतच नाही. त्यांची रेखाटनं पाहिल्यावर मी पिशवी पुन्हा एकदा उघडून त्यातली १३५ काढून ठेवली.

अजून दुसरी लेन्स विकत घेतली नसेल त्याच्यासाठी एक सोपी गोष्ट सांगते. एम २ च्या पुढच्या अंगाला, लेन्सच्या शेजारी, एक छोटी तरफ असते. ५० ची लेन्स लावलेली असताना ती बाहेरच्या बाजूला ढकलली की खिडकीत ३५ ची चौकट उमटते, लेन्सकडे ओढली की ९० ची. बोट काढलं की पुन्हा ५०. लेन्स न बदलता, पैसे न खर्चता. नावेत बसा आणि नुसती ती तरफ हलवत राहा. नावाडी हसतो, तेव्हा बाहेर. वळण येतं, कडे मागे सरतात आणि पलीकडच्या भिंतीवर ऊन पडतं, तेव्हा आत. घाटावर परत येईपर्यंत बोट कुठल्या बाजूला जास्त वेळा गेलं, ते मोजा.