मन चिंती ते वैरी न चिंती

भिलाईत सध्या कोचिंग क्लासच्या कार्यक्रमांत, सत्संगांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाक्य फिरतं आहे: जे मनात आणाल, तेच आयुष्यात येईल. पोरांना उमेद यावी म्हणून ते ऐकवलं जातं, आणि ऐकवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्याच सभागृहात असंही एखादं पोर बसलेलं असतं, ज्याच्या डोक्यात देवघरासमोर हात जोडताच घाणेरडी शिवी येते. रेल्वे फलाटावर उभं राहिलं की शेजारच्याला ढकलण्याचं चित्र येतं. त्याने या वाक्याचा काय अर्थ घ्यायचा? मनात आलं म्हणजे आपल्या हातून घडणार, मनात आलं म्हणजे आपण तसेच, असाच तो घेणार. हा समज मंत्रचळ (ओसीडी) या आजाराला खतपाणी घालतो. तो मोडून काढायला मानसशास्त्राला बराच काळ लागला, आणि आपण तो पुन्हा टाळ्या वाजवून घरात घेतो आहोत.

नको असलेला विचार माणसाला नवा नाही. पतंजलींचं प्रतिपक्षभावन, म्हणजे नको त्या विचाराच्या उलट विचार आणणं, आपल्याला ठाऊक आहे, समर्थांचे 205 मनाचे श्लोक तर शाळेतच पाठ झालेले असतात. तिकडे इंग्लंडात जॉन बनियनने 1666 साली आत्मवृत्त लिहिलं, त्यात देवनिंदेच्या विचारांनी झालेली स्वतःची होरपळ नोंदवून ठेवली. थोडं थांबावं ते बौद्धांच्या मज्झिम निकायातल्या वितक्कसंठान सुत्तापाशी. नको त्या विचारांवर तिथे पाच उपाय सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो तसा दुसरा विचार आणणं, हा पहिला. तिसरा, त्याच्याकडे लक्षच न देणं. दातावर दात आवळून मनाने मन दडपणं हा अगदी शेवटचा, बाकी सगळं हरल्यावरचा. आपल्या घरांत शेवटचा उपाय पहिला होऊन बसला आहे: ‘असलं मनातसुद्धा आणायचं नाही!’

फ्रॉइडने 1909 साली व्हिएन्नातल्या एका तरुण वकिलाची हकिगत प्रसिद्ध केली. उंदरांकरवी होणारा एक भयंकर छळ आपल्या आवडत्या बाईच्या आणि वडिलांच्या वाट्याला येईल, या विचाराने तो पछाडलेला होता. वडील तर तेव्हा हयातही नव्हते. फ्रॉइडने त्यामागे दडलेली इच्छा शोधली, आणि विचाराखाली इच्छा असतेच ही समजूत त्यानंतर सुशिक्षितांत घट्ट बसली. पण त्याच हकिगतीतली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ‘विचारांची सर्वशक्तिमानता’ हा शब्दप्रयोग त्या रुग्णाचा. आपण मनात आणलं की ते घडतं, असं त्याला वाटे, आणि फ्रॉइडने ते लक्षण म्हणून नोंदवलं. तेव्हाचं लक्षण आज यशाचा मंत्र म्हणून शिकवलं जातं.

खरं वळण आलं 1978 साली. लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी साध्या, कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, असे विचार तुम्हाला येतात का? सुमारे 80 टक्के लोक ‘येतात’ म्हणाले. विषयही तेच निघाले: इजा, अश्लीलता, देवनिंदा. पुढे 2014 साली 13 देशांतल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत हा आकडा सुमारे 94 टक्क्यांवर गेला.

या शोधाचा अर्थ बहुतेक जण अर्धाच घेतात. ‘सगळ्यांनाच येतात, मग डॉक्टर कशाला?’ अर्धवट वाचनाने झालेलं हे नुकसान मोठं आहे. त्याच अभ्यासात पुढे असं आहे की रुग्णांचे विचार जास्त वेळा येतात, जास्त वेळ टिकतात, जास्त छळतात, हटता हटत नाहीत आणि रुग्ण त्यांच्याशी जास्त झुंजतो. म्हणजे विचार किती घाणेरडा आहे यावरून आजार ठरत नाही. त्या विचाराचं आपण काय करतो, यावर तो ठरतो. 1985 साली पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी हेच पुढे नेलं: विचाराला आपण देतो तो अर्थ, आणि त्यापोटी डोक्यावर घेतलेली जबाबदारी, यांत आजाराचं मूळ आहे.

इथल्याच एका सेक्टरमधलं, माझ्या ओळखीचं घर सांगते. बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात सुनेला विळी दिसली की बाळाच्या गळ्याचं चित्र डोळ्यांपुढे येऊ लागलं. तिने विळी आणि सुऱ्या माळ्यावर टाकल्या. सासूबाई समोर असल्याशिवाय ती बाळाला न्हाऊ घालीना. सासूबाईंनी मीठ-मोहरीने तिचीच दृष्ट काढली. नवरा नाइट ड्यूटीला निघाला की ती दारात विचारी, ‘अहो, मी हिला काही करणार नाही ना?’ तो म्हणे, ‘नाही गं, तू आई आहेस तिची.’ दहा मिनिटं बरं वाटे, मग पुन्हा फोन. घरातल्या सगळ्यांची माया खरी होती, आणि त्या मायेतून केलेला प्रत्येक उपाय भीतीला दुजोरा देत होता.

उपचार याच्या उलट दिशेने जातो. 1966 साली व्हिक्टर मायर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीसमोर नेऊन भीती शमवण्याचे त्यांचे नेहमीचे ‘उतारे’ थांबवले, तिथून ही पद्धत रुजली. या सुनेलाही विळी खाली काढून, बाळ जवळ असताना भाजी चिरायला लावली, पायरीपायरीने. आणि नवऱ्याला रोजचं ते उत्तर देणं बंद करायला सांगितलं. सोबत गोळ्या लागू शकतात. त्यांचा पुरता गुण यायला दोन-तीन महिने जातात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नयेत.

डॉक्टरकडे कधी जायचं? विचार आणि त्याचे उतारे मिळून दिवसाचा तासभर खाऊ लागले, अभ्यास, झोप, स्वयंपाक, पूजा टाळली जाऊ लागली, वस्तू लपवणं आणि पुन्हापुन्हा विचारणं सुरू झालं, की जायचं. इथून रायपूरच्या एम्सचा मानसोपचार विभाग तासाभराच्या अंतरावर आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

एक प्रसंग मात्र पूर्ण वेगळा, तिथे थांबायला वेळच नसतो. विचाराची किळस येण्याऐवजी तो पटू लागला, कानात हुकूम ऐकू येऊ लागले, बाळंतीण रात्र-रात्र न झोपता बाळात काहीतरी शिरलं आहे असं म्हणू लागली, किंवा मरण ही सुटका वाटून कोणी त्याची तयारी करू लागलं, तर ‘सगळ्यांनाच येतात’ हे वाक्य तिथे लागू नाही. त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून रुग्णालय गाठावं.