ओढणारा हात बाजूला ठेवून

बसा. पाठ टेकायला काही मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी चालेल. डोळे मिटले तरी मन मात्र आत ओढू नका. आज ते बाहेर पाठवायचं आहे. नागपूरच्या वायव्येला, गोरेवाडा तलावाच्या बाजूचं रान आठवा. सप्टेंबरची सकाळ, पाऊस उघडलेला, पळसाची पानं धुऊन निघालेली, काळ्या दगडांच्या फटीफटीतून गवत वर आलेलं. विदर्भातल्या अशा कितीतरी झुडपी जमिनी वर्षानुवर्षं कागदावर धड जंगल नव्हत्या आणि धड पडीकही नव्हत्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनच मानलं.

एका दगडावर घोरपड पडली आहे. जवळ जाऊ नका. वीसेक पावलांवर थांबा आणि नुसतं बघा. मोठी घोरपड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड-पावणेदोन मीटर भरते, त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. अंग पसरून तिने उन्हाला दिलं आहे. ती काही करत नाही असं वाटेल, पण ती तापते आहे. अंग पस्तीस अंशांच्या आसपास येईपर्यंत तिच्या निघण्यात अर्थ नसतो. गार अंगाने शिकार हुकते आणि जीव वाचवायला पळताही येत नाही. तुमचं अंग आत्ता न मागता सदतीसवर आहे, पण त्यासाठी दिवसातून दोनतीनदा जेवावं लागतं. तिची चूल उन्हावर चालते. म्हणूनच डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरला, की ती बिळात शिरून दिवसचे दिवस काही न खाता राहू शकते.

आता श्वासाकडे या. छाती वर येते, खाली जाते. घाई नको.

बहुतेक सरड्यांना पळणं आणि श्वास घेणं एकाच वेळी नीट जमत नाही. पळताना अंग डावी-उजवीकडे वाकवणारे स्नायू आणि बरगड्या हलवणारे स्नायू तेच. एक काम चाललं की दुसरं अडतं. म्हणून ते थोडं पळतात आणि थांबतात. घोरपडीच्या कुळाने यातून वाट काढली. ती गळा फुगवते आणि दाबते, हवा फुप्फुसांत ढकलते, आणि चालत राहते. आफ्रिकेतल्या तिच्या एका भावंडावर प्रयोग करून १९९९ मध्ये हे दाखवलं गेलं. त्याच भावंडाच्या फुप्फुसांत हवा बऱ्याच अंशी एकाच दिशेने वाहते, पक्ष्यांसारखी, हे २०१४ मध्ये कळलं. तेव्हा तुमची छाती विसरा आणि तिचा गळा बघा. तो हलतो आहे.

ती उठली. जीभ बाहेर आली, आत गेली. पुन्हा बाहेर. लांब, टोकाशी दुभंगलेली जीभ. दोन टोकं दोन जागांचा वास उचलतात आणि टाळूतल्या इंद्रियापाशी नेतात. डावीकडे वास जास्त, तर डावीकडे वळायचं. एवढंच करत ती पालापाचोळा उकरते. शेणकिडे, टोळ, गोगलगाई, खेकडे, अंडी, उंदीर, एखादं मेलेलं जनावर. तिला काहीही चालतं. बघा, एका शेणाच्या पोवट्याखाली तिने नखं घातली, किडा उचलला, डोकं झटकलं, गिळला. मोठ्या शिकारी प्राण्याचं काम म्हणून आपण जे डोळ्यांपुढे आणतो, त्यात हे फारसं बसत नाही. पण तिचा बराचसा दिवस असाच जातो.

इथे थोडं थांबू. घोरपड म्हटलं की मराठी मनाला आधी तिची पकड आठवते. गड चढायला तानाजींनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधला, ही गोष्ट पोवाड्यांनी घरोघरी नेली. इतिहासाच्या अभ्यासकांना ती पटत नाही, आणि मलाही घोरपडीला माणूस पेलेल असं वाटत नाही. पण पकड खोटी नाही. कपारीत शिरलेल्या घोरपडीला शेपटीने ओढलं, की ती अंग फुगवते, नखं दगडात रोवते आणि जागची हलत नाही. ही तिची भीती आहे. आपण ओढत होतो म्हणून ती चिकटली, आणि त्या क्षणालाच आपण तिचा स्वभाव समजून बसलो. बाकीची ओळखही हात घातल्यानंतरचीच: दिमडीला मढवलेलं कातडं, सांधेदुखीवरचं तेल, आणि ‘हत्था जोडी’ नावाची मुळी, जी मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. तरी हे विकलं जातं.

तो ओढणारा हात मनातल्या मनात मोकळा करा. बोटं सैल सोडा.

आता मातीखाली बघा. पावसाळ्यात मादी ओली जमीन किंवा वारूळ उकरते, वीसेक अंडी घालते, माती लोटून नाकाने दाबते. आजूबाजूला आणखी एकदोन ठिकाणी उगाच उकरून ठेवते, म्हणजे अंडी शोधणारा फसावा. मग निघून जाते. अंड्यांना सहा-आठ महिने लागतात. त्यात थंडी येते, जमिनीला भेगा पाडणारं ऊनही येतं. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना वाट दाखवायला कोणी नसतं. ती झाडावर जास्त राहतात. मोठेपणी जमीन त्यांची होते, लहानपणी त्याच जमिनीवर त्यांना खाणारे फार.

हे बघणं कधी घरीच करायची वेळ येईल. पावसाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांत घोरपड न्हाणीत किंवा जिन्याखाली निघते. तिथे वीस पावलं मिळत नाहीत. काठी घेऊ नका, शेपटी धरू नका. कुत्रं बांधा, खोलीचं दार लोटून घ्या, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. जखमी असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात. माणसं यायला वेळ लागला, तर दाराच्या फटीतून तिचा गळा हलतो आहे ना, तेवढं बघत राहा.