आपला म्हणायचे कोणाला?

शिक्षकाच्या हातून आयुष्यात सर्वांत जास्त कोणते लेखन होते, असे कोणी विचारले तर मी 'अर्ज' असे उत्तर देईन. सुर्ल्यासारख्या गावात हायस्कूलचा मुख्याध्यापक हा अर्धा अर्जनवीस असतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे थांबले, जन्मनोंदीत नाव चुकले, विजेचे बिल भरमसाट आले, की माणसे शाळेच्या ऑफिसात येऊन बाकावर बसतात. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि या अर्जांत एका नव्या प्रकाराची भर पडली. खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले कुवेतला, दुबईला, बोटीवर, इंग्लंडला गेली. तेव्हापासून 'वकिलातीला अर्ज' हा शब्दप्रयोग आमच्या गावात नित्याचा झाला.

२०१९ सालच्या पावसाळ्यातील एक दुपार मी विसरू शकत नाही. एक वृद्ध गृहस्थ छत्री दाराशी ठेवून आत आले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. इंग्लंडमध्ये एका गोदामात तो नोकरीला होता. तिथेच आदल्या रात्री तो अकस्मात गेला. "सर, इंग्लेजीत एक अर्ज बरोवन दियात," एवढेच ते म्हणाले. देह घरी आणायचा होता. लंडनच्या भारतीय वकिलातीला विनंती करायची होती.

मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर गेला होता, हे मला ठाऊक होते. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाची वाट ठेवली. जुन्या जन्मनोंदी लिस्बनला दाखल करून हजारो गोमंतकीयांनी ती वाट धरली. या मुलाने तसा अर्ज केला तेव्हाच मी त्याला सुनावले होते, "आपल्या माणसांनी ज्यांच्या तुरुंगात हाल सोसले, त्यांचा पासपोर्ट घेणार तू?" तो काही बोलला नव्हता. वाकून नमस्कार करून निघून गेला होता.

त्या दुपारी त्याच्या वडिलांना मी शांतपणे समजावून सांगितले, "तो आता भारताचा नागरिक नाही. आपली वकिलात यात काय करणार? लिस्बनवाल्यांना लिहायला हवे." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पूण सर, तो आमच्या गांवचोच न्हय?" आणि छत्री घेऊन निघाले.

माझे बोलणे कायद्याला धरून होते, असे मला तेव्हा वाटले. पण खरे सांगायचे तर ते बोलताना मला आत कुठेतरी समाधान वाटले होते. आपण दिलेला इशारा खरा ठरला, याचे ते समाधान होते. समोर पुत्रशोकाने खचलेला बाप आणि माझ्या मनात हा विचार! आजच्या लेखाचे कारण तेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशात अडचणीत सापडलेल्या माणसाला मदत करायचे कर्तव्य कोणाचे, आणि ते कशाने ठरते? वाणिज्य दूत या नावात 'वाणिज्य' असले, तरी या अधिकाऱ्याचे काम व्यापारापुरते नसते. २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याची कामे लिहून ठेवली आहेत. आपल्या देशाच्या नागरिकांचे हितरक्षण करणे, पासपोर्ट देणे, जन्म-मृत्यूची नोंद घेणे, वारसांचे हक्क सांभाळणे ही त्यांतली काही. त्याच कराराचे ३६ वे कलम सांगते की परक्या देशात कोणाला अटक झाली, तर त्याच्या वकिलातीला कळवण्याचा त्याचा हक्क त्याला विलंब न लावता सांगितला पाहिजे, आणि वाणिज्य दूताला त्याची भेट घेता आली पाहिजे.

हे कलम किती मोलाचे आहे ते आपण मराठी माणसांनी अलीकडेच पाहिले. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने २०१६ साली अटक केली, २०१७ साली लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. तोवर भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना एकदाही भेटू दिले नव्हते. भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा मतांनी न्यायालयाने निर्णय दिला, की पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केला आहे. तो खटला उभा राहिला तो 'हा आमचा नागरिक आहे' या एका वाक्यावर.

म्हणजे कागदाला किंमत आहे, आणि ती मोठी आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा तेथील भारतीयांत गोव्याची कितीतरी कुटुंबे होती. अम्मानहून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून १ लाख ११ हजारांवर माणसे मायदेशी आणली. त्या रांगेत उभे राहण्याचा हक्क भारतीय पासपोर्टने दिला होता. माझा एक मित्र म्हणतो, "हाच हक्क ज्याने आपण होऊन सोडला, त्याने संकटात आपल्या दारी का यावे? आखातात उन्हात राबणारा, भारतीय पासपोर्ट जपणारा मुलगा आणि सोयीसाठी पासपोर्ट बदलणारा, दोघांना एकच माप लावणे हा पहिल्यावर अन्याय नव्हे काय?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. मतदान गेले, सरकारी नोकरी गेली आणि आपल्या वाणिज्य दूतावरचा हक्कही गेला. ज्याने हे सोडले त्याने ते डोळे उघडे ठेवून सोडावे, हे मी आजही सांगेन. पण ही रेषा सरकार का आखते? परक्या भूमीवर कोणत्याही सरकारचे राज्य नसते. यजमान देश त्याला मध्ये पडू देतो तो केवळ त्याच्या नागरिकांपुरता. म्हणून पासपोर्ट पाहावाच लागतो. तो पाहणे म्हणजे माणसाच्या निष्ठेची परीक्षा घेणे नव्हे. चांगल्या मुलाला बक्षीस आणि वाईटाला शिक्षा, असा त्या रेषेचा अर्थ मी लावला होता. चूक तिथे होती.

निष्ठेचाच विषय निघाला, तर माझी स्वतःची निष्ठा तरी मी कधी तोलून पाहिली होती काय? १९६२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने गोवा, दमण व दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. ज्यांचा, ज्यांच्या आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म या प्रदेशातला, ते २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक झाले. ज्यांना जुने नागरिकत्व राखायचे होते त्यांनी एका महिन्याच्या आत तसे लिहून द्यायचे होते. माझे वडील भारतीय झाले ते काहीही न लिहिता, भाताची मळणी आटोपून घरी बसल्या बसल्या. मी तर जन्मानेच झालो. पुढे सरकारी अनुदानाचा पगार मला दरमहा मिळत गेला. खाणी बंद पडल्या तेव्हा माझ्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. ज्या देशप्रेमाची कसोटी कधी लागलीच नाही, त्याच्या जोरावर मी दारात ट्रक गंजत पडलेल्या घरातील मुलाला उपदेश करत होतो.

त्याच आदेशाची दुसरी बाजूही आहे. एका गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखण्याचे लिहून दिले. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा राहण्याचा परवाना संपला, तो त्यांनी वाढवून घेतला नाही, आणि स्वतःच्याच भूमीत परकीय नागरिक म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. कायद्याने पाहता निकाल बरोबर. पण त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते एका रात्रीत परके वाटू लागले असतील, असे मला वाटत नाही. बेळगाव, निपाणी, कारवारकडील वाचकांना हे अधिक सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची हद्द बदलली म्हणून मामाचे घर कोणी परके मानले नाही.

मी ज्या तुरुंगाचा दाखला त्या मुलाला दिला होता, तोही मी अर्धाच वाचला होता. मोहन रानडे महाराष्ट्रातून गोव्यात आले ते शिक्षक म्हणून. आझाद गोमंतक दलात ते लढले. १९५५ साली भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले, सप्टेंबरमध्ये पणजीतील भारतीय वकिलातीची कचेरी बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात रानडे जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची सजा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालमध्ये नेऊन लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ठेवले. गोवा मुक्त झाला तरी रानडे सुटले नाहीत. मुक्तीनंतर सात वर्षे ते तिथेच होते. लिस्बनमध्ये भारताची वकिलात नव्हती. सरकारचा हात जिथे पोहोचत नव्हता, तिथे माणसे कामाला लागली. गायक सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्यापाशी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुराईंचे आभार मानायला ते मद्रासला गेले, तर अण्णादुराई नुकतेच निवर्तले होते.

अण्णादुराई तामिळ, द्रविड चळवळीचे पुढारी. रानडे मराठी, तुरुंग पोर्तुगालचा, विनंती केली ती रोमला. यात कोणाचे काय कर्तव्य होते? कोणत्याही कायद्याने पाहिले तर काहीच नव्हते. पण 'हे माझ्या कक्षेत येत नाही' असे त्यांच्यापैकी प्रत्येकाने म्हटले असते, तर रानडे आणखी किती वर्षे त्या किल्ल्यात राहिले असते कोण जाणे. सरकारेसुद्धा प्रसंगी रेषेपलीकडे जातात. २०१५ साली येमेनच्या युद्धातून आपल्या नौदलाने व विमानांनी माणसे सोडवून आणली, त्यांत परदेशांचे शेकडो नागरिक होते. मग गावच्या मुख्याध्यापकाने पासपोर्टाचा रंग पाहून पेन खाली ठेवावे काय?

त्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगतो. तो आमच्याच शाळेच्या क्लार्कने लिहिला. त्याचे इंग्रजी यथातथाच आहे. पण अर्ज पोहोचला आणि त्याचा उपयोगही झाला. मला नंतर कळले, की मृत व्यक्ती परदेशी नागरिक असली तरी देह भारतात आणण्यासाठी भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र लागते. म्हणजे मी जे ठामपणे सांगितले होते ते निर्दय तर होतेच, शिवाय चुकीचेही होते. संकटातील भारतीयांसाठी सरकारचा जो कल्याण निधी आहे, त्यावर त्या कुटुंबाचा हक्क नव्हता. तो खर्च तेथील गोंयकारांनी वर्गणी काढून भागवला. देणाऱ्यांत हिंदू होते, ख्रिस्ती होते, दोन्ही पासपोर्टांचे होते.

देह गावी आला त्या दिवशी मी स्मशानात गेलो. मुलाचे वडील माझ्यापाशी आले. "सर, येवन बरें केलें," असे म्हणाले. मला उत्तर सुचले नाही. मी त्यांची क्षमा मागितली ती पुढे दोन महिन्यांनी, त्यांच्या घरी जाऊन. त्यांनी चहा पुढे केला आणि विषय बदलला.

तेव्हापासून शाळेत एक पाठ मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला देतो. तो कोणत्याही पुस्तकात नाही. जनरल रजिस्टरमधील नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव एकच आहे ना ते आताच पाहा. आजोबांच्या पोर्तुगीज नोंदीत नाईक हे आडनाव 'क्यू'ने लिहिलेले असते आणि आपण 'के'ने लिहितो, त्यावरून पुढे महिने जातात. दहावी पास झालात तर आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगीचा एक शिक्का वाचतो. पासपोर्टची नक्कल घरी ठेवा. परदेशात पोहोचताच वकिलातीत नाव नोंदवा. पकडले गेलात तर "माझ्या वकिलातीला कळवा" असे म्हणा, तो तुमचा हक्क आहे. आणि पासपोर्ट बदलायचा झाला तर बदलताना काय मिळते आणि काय जाते याचा हिशेब आधी मांडा.

अर्ज मी अजूनही लिहितो. समोरच्याला पासपोर्ट कोणता हे विचारावेच लागते, कारण अर्ज कोणाच्या नावे करायचा ते त्यावरून ठरते. पण आता तो प्रश्न मी दुसरा विचारतो. पहिला विचारतो तो, "काय झाले?"