मोजलेला श्वास

‘सेवा तुमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य ख्रिस्ती परिचारिकेला आयुष्यभर ऐकावे लागते. बोलणाऱ्याच्या मनात आदर असतो आणि त्या आदरामागे इतिहासही आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय मिरजेत सुरू झाले. तिथे आणि इतर मिशन रुग्णालयांत महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी पांढऱ्या गणवेशातली ख्रिस्ती ‘सिस्टर’ पाहिली. तरीही हे वाक्य मला कधी पूर्णपणे पटले नाही. जे रक्तात असते त्यासाठी निर्णय करावा लागत नाही. सेवेचा निर्णय मात्र प्रत्येक पाळीला, प्रत्येक खाटेपाशी नव्याने करावा लागतो, आणि थकलेले शरीर बहुतेक वेळा त्या निर्णयाच्या विरुद्ध असते.

माझे शिक्षण एका मिशन रुग्णालयात झाले. सकाळची ड्यूटी प्रार्थनेने सुरू होई. त्या प्रार्थनेचे मोल मी कमी लेखत नाही. पण तिची परीक्षा वॉर्डात होत असे, आणि तीही अगदी किरकोळ वाटणाऱ्या कामात. रुग्णाचा ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत मोजावा लागतो, आणि तोही रुग्णाच्या नकळत, कारण त्याचे लक्ष गेले की श्वासाची गती बदलते. गर्दीच्या वॉर्डात हे मिनिट सर्वांत आधी वगळले जाते. ताप, नाडी आणि श्वास नोंदवण्याच्या टीपीआर चार्टवर सगळ्यांपुढे ‘२०’ लिहून पुढे जाता येते. कोणी तपासत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो आकडा फारसा चुकीचाही नसतो. परंतु न्यूमोनिया होऊ घातलेल्या वृद्धाचा श्वास कधी कधी ताप चढण्याआधीच वाढलेला असतो. न मोजता लिहिलेल्या त्या रांगेत नेमका तोच दिसेनासा होतो.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा मी शब्बाथ शाळेत पाठ केली होती. ती टीपीआर चार्टलाही लागू आहे, हे मला वॉर्डाने शिकवले. न पाहता लिहिलेला आकडा ही त्या माणसाच्या देहाविषयी दिलेली खोटी साक्षच होय. आजाऱ्याची भेट घेणे ही माझीच भेट आहे, असे प्रभू येशूने सांगितले असेल, तर त्या भेटीत किमान एवढे तरी अपेक्षित असणार की आपण समोरच्याकडे खरोखर पाहावे.

आपल्याकडे श्रद्धेचे काम आणि पोटाचे काम अशी विभागणी सहज केली जाते. पाळकाचे काम पहिले, शिंप्याचे, लेखनिकाचे, परिचारिकेचे दुसरे. शुभवर्तमानात या विभागणीला आधार सापडत नाही. येशू सुतार होता. पौल तंबू करून पोट भरत असे. आपल्याच मातीतले उदाहरण घ्यायचे, तर मला पंडिता रमाबाई आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आणि विधवांना आश्रय दिला, पण नुसती प्रार्थना शिकवून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, छपाई अशी कामे त्यांच्या हाती दिली. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्यासाठी त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत त्या कामात गढून राहिल्या. तो ग्रंथ छापण्यासाठी खिळे जुळवणारे हातही मुक्तीतल्या स्त्रियांचेच होते. खिळा उलटा पडला तर तो काढून पुन्हा बसवावा लागतो. तिथे भक्तिभाव उपयोगी पडत नाही, नजर आणि धीर लागतो. रमाबाईंच्या ठिकाणी भक्ती आणि हा धीर वेगळे काढता येत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे मी नतमस्तक होते.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. माझ्याबरोबर काम केलेल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध भगिनींनी हेच काम तितक्याच निष्ठेने केले. काहींनी माझ्याहून सरस केले. मग ख्रिस्ती श्रद्धेने वेगळे असे काय दिले? कौशल्य तर निश्चितच दिले नाही. तिने माझ्याकडून एक अधिकार काढून घेतला: कोण सेवेला पात्र आहे हे ठरवण्याचा. दारू पिऊन पडलेला, शिवीगाळ करणारा, पत्नीला मारून स्वतः जखमी झालेला माणूसही त्याच काळजीने स्वच्छ करावा लागला. तिथे प्रेम वाटत नव्हते. प्रेम वाटण्याची वाट न पाहता हात चालवणे, एवढेच शक्य होते, आणि मला वाटते, शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचा अर्थही तेवढाच आहे.

याच कारणाने रुग्णाच्या असहायतेचा उपयोग धर्म सांगण्यासाठी करणे मला अनुचित वाटते. जो उठून जाऊ शकत नाही, त्याचे ऐकणे हे संमतीचे ऐकणे नव्हे. कुणी मागितली तर मी खाटेशी प्रार्थना केली. न मागता केली ती मनातल्या मनात.

सेवा या शब्दाचा आणखी एक उपयोग केला जातो, आणि त्याने मला अधिक वेदना होतात. अपुरे वेतन, लांबलेल्या पाळ्या, न भरलेल्या जागा यांवर ‘ही तर सेवा आहे’ असे पांघरूण घातले जाते. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनाही वाटते की परिचारिकेने पगाराची गोष्ट काढली की तिच्या कामाचे पावित्र्य उणावते. मजुरांच्या अडवलेल्या मजुरीची हाक देवाच्या कानी जाते, हा याकोबाच्या पत्रातला इशारा त्यांनीही वाचलेला आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीवर व्रण पडतात. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच परिचारिका असेल, तर ते व्रण पडणारच. त्यांचा जाब फक्त तिला द्यावा लागेल, असे मी मानत नाही. दुसरी परिचारिका नेमण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता आणि ज्यांनी तो वापरला नाही, त्यांनाही तो जाब द्यावा लागेल.