आधी खोलून पाहू

गोंडपिपरीत लॅपटॉप बंद पडला तर नवा घ्यायला चंद्रपूर गाठावं लागतं. एसटी कोठारी, बल्लारपूर करत जाते. सकाळी निघालेला माणूस चार दुकानं फिरून परत येईपर्यंत दिवस मावळलेला असतो.

नागपूरच्या एका संस्थेत काम करणाऱ्या तरुणीवर ही वेळ आली. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना जंगलाचे नकाशे करून देणं हे तिचं काम. कोणत्या खंडात बांबू किती, पाण्याच्या जागा कुठे, यंदा तोड कुठे करायची, अशी सगळी नोंद गावकऱ्यांसोबत पायी फिरून केलेली होती आणि ती त्या एकाच यंत्रात होती. दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात ग्रामसभा होती. जड ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरून मोटारसायकलवर हादरे खात ती गोंडपिपरीला पोचली, मुक्कामाच्या खोलीत लॅपटॉप उघडला, बटण दाबलं, आणि पडदा काळाच राहिला. चार्जर लावला तरी दिवा लागेना.

तिने चंद्रपूरच्या एका दुकानात फोन केला. दुकानदाराने विचारलं, किती जुना? सहा वर्षं, ती म्हणाली. मग बोर्ड गेला असणार, त्यात पैसे घालू नका, पंचेचाळीस हजारांत नवा देतो, हप्त्यांवरही मिळेल, असं त्याने सांगून टाकलं. यंत्र त्याने पाहिलंही नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला खात्रीने बोलणारा आवाज फार धीर देतो. तिने दुपारच्या गाडीने निघायचं मनाशी पक्कं केलं.

निघण्याआधी गावात कोणी दुरुस्तीवाला आहे का, एवढं तिने खोलीच्या मालकिणीला विचारलं. बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. काउंटरवर उघडे पडलेले फोन, भिंतीला टांगलेली कव्हरं, कोपऱ्यात जुना संगणक आणि सोल्डरिंग आयर्न. दुकानात एक म्हातारबाबा आपल्या बटणाच्या फोनची वाट बघत बाकावर बसले होते.

तिने सगळं घाईघाईने सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दुरुस्त होईल की नवाच घेऊ, तेवढं सांगा भाऊ. माझी गाडी आहे."

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप हातात घेतला नाही. त्याने आधी तिलाच विचारलं, "उद्या तुमाले काय पायजे ताई? लॅपटॉप पायजे, का त्याच्यातलं काम पायजे?"

ती थांबली. या दोन गोष्टी वेगळ्या असतील हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नव्या लॅपटॉपमध्ये तिचे नकाशे असणार नव्हते. चंद्रपूरला जाऊन आली असती तर हातात चकचकीत यंत्र असतं आणि ग्रामसभेपुढे ठेवायला काहीच नसतं.

"काम पाहिजे," ती म्हणाली.

"मंग पयले ते काढू. बाकीचं मंग पाहू."

त्याने मागचे स्क्रू काढले, एसएसडी अलगद बाहेर घेतली, एका केसिंगमध्ये बसवली आणि दुकानातल्या संगणकाला जोडली. फोल्डर उघडले. नकाशे होते, नोंदी होत्या, सगळं जसंच्या तसं. त्याने ते पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं. पेन ड्राइव्ह हातात आल्यावर ती बाकावर टेकली. दुपारची गाडी सुटली तरी चालेल, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मला या गोष्टीत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. परगावी वस्तू बिघडते तेव्हा भीती असते ती हातातलं काम बुडण्याची. ती भीती मनात असताना घेतलेला निर्णय खरं तर तिच्यापासून सुटकेसाठी असतो, आणि अशा सुटकेला माणूस वाटेल ती किंमत मोजतो. आधी काम वाचवलं की यंत्राकडे यंत्र म्हणून बघता येतं.

आता त्याने मल्टिमीटर घेतला. चार्जरमधून एकोणीस व्होल्ट नीट येत होते. पुढे चार्जरची पिन बसते त्या जॅकवर तो आला. हादऱ्यांनी जॅकचं सोल्डर तडकलं होतं. वीज आत पोचतच नव्हती. बोर्ड धड होता. मग त्याने बॅटरीवर बोट ठेवलं. ती फुगली होती, इतकी की वरचं टचपॅड उचललं गेलं होतं. तिला ते गेले काही आठवडे दिसत होतं, पण काम चालू होतं म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं.

"हे मात्र वापराचं नाई. आग लागू शकते."

"दोन-चार दिवस चालवली तर?"

"एक दिवस नाई."

बाकावरचे बाबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "रांजीसारखंच हाय जी हे." आणि त्यांनी बांबूच्या तोडीचं सांगितलं. रांजीतला, म्हणजे बांबूच्या बेटातला, यंदाचा वास्ता, म्हणजे नवा कोंब, तोडायचा नाही, गेल्या सालचा बांबूही ठेवायचा. तीन सालांवरचा पक्का झालेला तेवढा काढायचा, तोही जमिनीलगत, पहिल्या पेराच्या वर. पण पिकलेला काढलाच नाही तरी चालत नाही. रांजी आतून दाटते, नव्या वास्त्याला जागा राहत नाही. "रांजीपाशी जाऊन पाहा लागते. घरी बसून नाई समजत."

गोंडपिपरी तालुक्यातल्याच पाचगावने असं पाहून ठरवणं मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2012 साली या लहानशा गावाला सुमारे 1006 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने आपले नियम स्वतः बसून ठरवले. बांबू तोडायचा, विकायचा, मजुरी गावातच ठेवायची. तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याइतका रोख पैसा या भागात दुसरीकडून येत नाही, तरीही. चांगल्या पानासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि तेंदूच्या फळांवर जगणारी पाखरं उपाशी राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच जंगलातलं एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, हा निर्णय रोज जंगलात फिरणाऱ्यांनी घेतला. मला त्या गावाबद्दल फार आदर वाटतो.

दुरुस्तीवाल्याने जॅक नव्याने बसवला आणि बॅटरी काढून ठेवून चार्जर लावला. पडदा उजळला. पण गावातली वीज जायची, आणि बॅटरीशिवाय वीज गेली की लॅपटॉप तत्क्षणी बंद होणार. दर थोड्या वेळाने काम जतन करत राहा, असं त्याने तिला बजावलं.

"फुगलेलीचं काय करणार?" तिने विचारलं.

त्याने ती वाळू भरलेल्या डब्यात, बाकी मालापासून दूर ठेवली. महिन्याकाठी तो अशा बॅटऱ्या गोळा करून चंद्रपूरच्या ई-कचरा घेणाऱ्याकडे पाठवत असे. 2022 मध्ये जगात सहा कोटी टनांहून जास्त ई-कचरा तयार झाला आणि त्याच्या पावभागाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. सोल्डर तडकलेला एक जॅक न पाहता ‘बोर्ड गेला’ म्हटलं की त्या ढिगात आणखी एक धडधाकट यंत्र जातं. गोंडपिपरीच्या बाजारातला हा माणूस तो ढीग दोन्ही बाजूंनी कमी करत होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हता.

त्याने हिशेब सांगितला. जॅकचे सहाशे. बॅटरी नागपूरहून मागवावी लागेल, अडीच हजार, तीन दिवस. "बोर्ड गेला असता तं मीच नवा घ्या म्हटलं असतं," तो म्हणाला. "पडदाही चांगला हाय. दोन-तीन साल काढन."

तिने बॅटरीचे पैसे आगाऊ दिले.

"कीबोर्डच्या दोन कळा ढिल्या हायेत. त्या बदलाच्या का?"

तिने त्या दोन्ही कळा दाबून पाहिल्या. अक्षरं उमटत होती.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि नकाशांच्या छापील प्रती काढून मिळतील अशा दुकानाचा पत्ता विचारू लागली.