जोड

पारनेर तालुक्यात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की हगामा आलाच. आधी शेंबडी पोरं रेवड्यांवर झुंजतात, मग शे-दोनशेच्या कुस्त्या, आणि दिवस कलताना शेवटची, मानाची. हलगी कडाडत असते आणि पंच ओरडून जोडी लावत असतात.

अशा हगाम्यांवर कमावणारा एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. त्याला ना तालीम होती, ना वस्ताद. पिशवीत लंगोट घालायचा आणि आज टाकळी ढोकेश्वर, उद्या निघोज, परवा घोडनदी ओलांडून शिरूर. एका मोसमात अठरा कुस्त्या मारल्या, सगळ्या ढाकेवर, बहुतेक दोन मिनिटांच्या आत. गावाला वाटलं, महाराष्ट्र केसरीची गदा आता आपल्याच वेशीतून येणार. चार जाणत्यांनी वर्गणीची वही काढली. पुण्या-कोल्हापूरच्या तालमीत ठेवू, खुराकाचं गाव बघेल. पण आधी पारख व्हावी म्हणून त्याला एका म्हाताऱ्या वस्तादांकडं नेलं.

वस्तादांनी मान दाबून पाहिली, मनगट धरलं. शंभर बैठका मारायला लावल्या आणि छातीवर हात ठेवून दम किती वेळात जागेवर येतो ते पाहत राहिले.

"अठराच्या अठरा, वस्ताद," कारभारी म्हणाले.

"कुणाकुणाबरोबर?"

पोरानं नावं सांगितली. वस्तादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "जोड तूच बघून घ्यायचास ना रं?"

पोरगं मातीकडं बघायला लागलं.

त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. पडलेल्या पैलवानाचं इनाम पुढच्या गावात उतरतं, आणि याची आई रोजानं वाटाणा तोडायला जात होती. स्वतःच्याच पोटावर पाय देऊन वरचढ जोड कोण घेईल?

वस्तादांनी तालमीतल्या एकाला हाक मारली. वजन सारखंच, वयानं दोन वर्षं मोठा, मॅटवर खेळलेला. "निकाली कुस्ती. इनाम नाही. आणि तू ढाक मारायची नाहीस."

ढाक गेली आणि पोराचे हातच परके झाले. तिसऱ्या मिनिटाला तो खाली गेला. वरच्यानं सवारी भरली, मानेवर घिस्सा ओढला. पोरानं हनुवटी तेल-ताक मुरलेल्या मातीत रुतवली, कोपर बरगडीला चिकटवलं आणि डोळे मिटून नुसता त्या हाताचा दाब ओळखत राहिला. पकड बदलायला हात क्षणभर ढिला झाला, त्याच क्षणी कमरेवर वळून तो बाहेर. त्या सुटकेला कुठल्या तालमीत नाव नसेल. पुन्हा खाली गेला तेव्हा मघाशी उघडं राहिलेलं दुसरं कोपरही त्यानं आत घेतलं होतं. वस्ताद इतका वेळ भिंतीला टेकून होते, ते पुढं सरकून बसले.

अकराव्या मिनिटाला पोराची पाठ लागली.

कारभाऱ्यांनी वही मिटली. पोरगं कोपऱ्यात बसून रडत होतं. वस्ताद त्याच्याशी बोलले नाहीत, कारभाऱ्यांशी बोलले. "खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले. मातीतला गडी, मॅट नवी. सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तुमी सहावा नंबर बघून वही मिटली असती."

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीचं दार उघडलं तर पोरगं पायरीवर. काल ज्यानं पाडलं त्यालाच विचारत होतं, "पैलवान, माझी बगल बंद असताना तुमचा हात आत कसा आला?" वस्तादांनी ते ऐकलं, काही न बोलता फावडं त्याच्या हातात दिलं आणि हौद्याकडं बोट केलं.

मग कारभाऱ्यांना बोलावून सांगितलं, "वही उघडा. पण वर्षभर याचा हगामा बंद. याला एकच डाव येतो आणि तो चालतो, म्हणून दुसरा शिकायची गरज पडली नाही. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, नुसतं खाली नेलं तरी दोन गुण जातात. तिथं एका ढाकेवर भागत नाही."

"आणि वर्षभर याचं घर?"

"खुराकाच्या वर आईचा रोज लिहा."

मला विचाराल तर त्या वहीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

पुढच्या चैत्रात हगामा भरला. पोरगं गर्दीत पुढंच बसलं होतं. गेल्या साली दीड मिनिटात पडलेला एक गडी रिंगणात उभा राहून दंड थोपटत होता, पंच इनामाचा आकडा चढवत होते. लोक पोराकडं वळून बघायला लागले. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं. जरा वेळानं परत लावलं.

शेजारी रेवड्यांच्या कुस्तीत पडलेलं सात-आठ वर्षांचं एक पोर डोळे पुसत उभं होतं. यानं त्याला जवळ ओढलं, पाठीची माती झटकली आणि विचारलं, "हात कुठं अडकला रं तुझा? दाखव बरं."