आजाऱ्याची सेवा आणि न संपणारे शिक्षण





मागच्या शुक्रवारी रुवीत वंदनेनंतर आपल्या एका उपासिका ताईंनी विचारले, "पुढच्या शुक्रवारी माझे प्रशिक्षण आहे, वंदनेला आले नाही तर चालेल ना?" ताई परिचारिका आहेत. आठवडाभर ड्यूटी, त्यात एक सुट्टी, तीही शिकण्यात जाणार. कुणीतरी सहज म्हणाले, "ताई, वीस वर्षे नोकरी झाली, अजून काय शिकायचे राहिले?" सगळे हसले. मला हसता आले नाही. का, ते आज सांगतो.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. अतिसाराने जर्जर झालेला तो भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. मग तथागतांनी भिक्खूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यापुढचा भाग मात्र फार कमी वेळा सांगितला जातो. तथागत तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगतात. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर, हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस करू नये. आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर द्यावा. क्रम पाहा. मैत्री तिसरी आहे. पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. बाबासाहेब धम्मात प्रज्ञा आणि करुणा एकत्र बघतात, ते याचसाठी. अज्ञानी करुणा रुग्णाला इजा करू शकते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या वडिलांना कर्करोग होता. शेवटचे महिने ते नागपूरला घरीच होते. वेदना वाढल्या तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले. मी इथून फोनवर भावाला म्हणालो, "ते देऊ नकोस. सवय लागेल, श्वास बंद पडेल." मी अभियंता, घरातला शिकलेला मुलगा. माझा शब्द कुणी मोडला नाही. वडील अकरा रात्री कण्हत राहिले.

अकराव्या रात्री मी याच ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारले, "दादा, दुखणे दहापैकी किती, असे बाबांना कुणी विचारले का?" कुणीच विचारले नव्हते. मग त्यांनी समजावले की, डॉक्टर लहान मात्रेपासून सुरू करतात, दुखण्याच्या मानाने ती हळूहळू वाढवतात, अशा पद्धतीने दिल्यास श्वास बंद पडण्याची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचक देतात. दुसऱ्या दिवशी औषध सुरू झाले. वडील झोपले. पुढचे काही दिवस ते आमच्याशी नीट बोलले. ताईंना मी आभार मानले तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, हे मलाही कॉलेजात कुणी शिकवले नव्हते. नंतर प्रशिक्षणात कळले."

त्या अकरा रात्री माझ्या अज्ञानाच्या आहेत. ताईंचे ते प्रशिक्षणही एखाद्या सुट्टीच्याच दिवशी झाले असेल.

धम्मबंधूंनो, सर्व संस्कार अनित्य आहेत असे आपण म्हणतो. शिकलेली विद्याही त्यातच आली. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे भारतातले पहिले हॉस्पिस 1986 मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पण आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणेच अवघड झाले होते. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. आता सांगा, 1995 मध्ये पदविका घेतलेल्या परिचारिकेने त्यानंतर काही शिकलेच नाही, तर तिच्या हातून सेवा कशी होणार? म्हणून परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासाठी सततच्या शिक्षणाचे नियम आहेत. इथे ओमान मेडिकल स्पेशालिटी बोर्ड अशा प्रशिक्षणांना मान्यता देते. नियम तास मोजतो. त्या तासांत मन किती घालायचे, हे ज्याच्या त्याच्या शीलावर आहे.

शेवटी अनाथपिंडिकाची आठवण करू. तो मरणशय्येवर असताना सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटायला गेले. सारिपुत्तांनी आधी विचारले, वेदना कमी होते आहे की वाढते आहे? उपदेश त्यानंतर. तो गंभीर उपदेश ऐकून अनाथपिंडिक रडला. आयुष्यभर संघाची सेवा केली, पण असे बोलणे कधी ऐकले नव्हते, असे तो म्हणाला. हे पांढरी वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना सांगत नाहीत, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्याने विनंती केली की, गृहस्थांनाही हे सांगत जा, समजू शकणारे त्यांच्यातही आहेत. मरता मरता त्या उपासकाने विद्येचे दार सर्वांसाठी उघडा, असे मागितले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारातच अडवले गेले, त्या आपल्याला हे मागणे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून माझी विनंती. महिन्यातून एका शुक्रवारी वंदनेनंतर एक तास आपल्या परिचारिका आणि डॉक्टर बंधुभगिनींकडून शिकू या: दुखणे कसे विचारावे, अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी कशी बदलावी, कोरडे तोंड कसे ओले ठेवावे, शेवटच्या दिवसांत त्याला काय हवे आहे ते कसे ऐकावे. आपल्या सगळ्यांचे आईवडील दूर गावी म्हातारे होत आहेत. फोनवरून चुकीचा सल्ला देणारा मी शेवटचा असावा.

आणि ताई, पुढच्या शुक्रवारी तुम्ही प्रशिक्षणालाच जा. तीही वंदनाच आहे. परत आल्यावर आम्हाला शिकवा.

भवतु सब्ब मंगलं. साधु, साधु, साधु.